पायाळूची पाठ

तुळसा आईच्या पोटातून पायांनी बाहेर आली. डोकं मागून आलं आणि ते जन्मभर मागेच राहिलं, असं तिचा नवरा जिवंत असताना चारचौघांत म्हणायचा. तुळसा हसून सोडून द्यायची. जिच्या पायासमोर अख्खी वाडी आडवी पडते, तिने डोक्याची चिंता कशाला करावी?

असं उलटं जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. मिठबावच्या किनाऱ्यावर कुणाला उसण भरली, म्हणजे पाठीत असा लचका बसला की वाकलेला सरळ होईना आणि सरळ होता तो वाकेना, की तो डॉक्टरच्या आधी तुळसाकडे येणार. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. फक्त त्याआधी आपल्या गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची सोडून ठेवावं.

तुळसाची रीत तिच्या आजीने घालून दिलेली होती. आधी सुकती, म्हणजे ओहोटी, लागायला हवी. समुद्र मागे सरायला लागला की दुखणेकऱ्याने ओल्या वाळूत पालथं पडायचं, तोंड पाण्याकडे करून. तुळसा उजवा पाय त्याच्या कमरेवर अलगद टेकवणार, उचलणार, पुन्हा टेकवणार. दाबायचं नाही, बोलायचं नाही. मग त्याने उठून, तिच्याकडे न बघता थेट घर गाठायचं. दुखणं ओसरत्या पाण्याबरोबर बाहेर जातं, पार तिकडे, जिथे सकाळच्या धुरकट उजेडात होड्या पाण्यावर आहेत की आभाळात ते कळत नाही.

तुळसाला ही वेळ फार आवडायची. पायाखाली कुणाची तरी पाठ श्वासाबरोबर वर-खाली होतेय, लाटेचा आवाज लांब लांब जातोय आणि आपण बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या. तेवढ्या वेळापुरती ती सुकी मासळी विकणारी विधवा नसायची. मग कोण असायची, हे तिला सांगता आलं नसतं. पण कुणीतरी असायची.

बाकीचा दिवस ती वाकलेली असायची. वाळूवर जुनं जाळं अंथरायचं, त्यावर बांगडे नाहीतर सुंगटं, म्हणजे कोळंबी, एकेक करून मांडायची, उन्हं डोक्यावर आली की उलटायची, कावळे हाकायचे, सांजेला गोळा करायची. सगळं कमरेतून वाकून, गुडघे न मोडता. त्यावर भरलेली पाटी डोक्यावर. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका तशाच वाकतात, त्यांच्या आयाही तशाच वाकत, आणि या वाकण्याची दखल आजवर कुठल्याही सरकारने घेतलेली नाही.

तुळसाची पाठ कैक वर्षं दुखत होती. पण पायाळूलाच पाठ धरली म्हटल्यावर वाडी काय म्हणेल? ती लुगड्याखाली कमरेचा पट्टा बांधायची आणि वरून पदर घट्ट खोचायची. निरगुडीचा पाला गरम करून शेकायची तो आडोशाला, आणि वास आला तर 'डास झाले हत' म्हणायची. वाडीत दुसरा पायाळू नव्हता, आणि स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लावता येत नाही. एकदा घरात कुणी नसताना तिने तोही प्रयत्न केला. सून स्वप्ना परत आली तेव्हा सासूबाई जमिनीवर एका विचित्र गाठीत अडकून पडल्या होत्या.

"आये, ह्या काय?"

"योगा करतंय. टीव्हीवर दाखवतत ना, तो."

स्वप्नाने तिला उकलून उभं केलं. तिचा नवरा सुशांत गोव्याला बोटीवर होता. घरात या दोघीच. बोलायचं ते कधी बोलायचं, हे स्वप्नाला बरोबर कळायचं.

पुढे दुखणं पाठीतून खाली उतरलं. कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेने, एखादी तापलेली तार कुणी आतून ओढत न्यावी तसं ते अंगठ्यापर्यंत गेलं. मग एक दिवस तार थंड झाली. तुळसाला वाटलं, सुटले. आणि इथेच ती फसली. कळ गेली होती, आणि जाताना पायाची जाण घेऊन गेली होती. पाऊल आपलं वाटेना. वाळूवर चालताना डावा पाय वाळूवर पडायचा आणि उजवा कापसावर. कधी वाटायचं, उजवा पाय जमिनीच्या जरा वरच चालतोय.

तिला भीती वाटली नाही, हे नवलच. तिला ते झोपेत पाहिल्यासारखं वाटलं. तिने मनाशी अर्थ लावला, तोही पायाळूचाच. इतकी वर्षं सगळ्यांची दुखणी या पायाने उचलली. थोडी समुद्रात गेली असतील, थोडी तळव्याला चिकटून राहिली असतील. पाय दमला. निजला. दुपारी माडाखाली डोळा लागला की तिला दिसायचं: आपला पाय एकटाच सुकतीच्या वाळूवरून चाललाय, पाणकावळे बसतात त्या खडकावर जाऊन बसलाय, आणि कितीही हाका मारल्या तरी मान फिरवून बघत नाही. पायाला मान कुठली, हे तिला जागी झाल्यावर सुचायचं.

मग ती राखणदाराच्या दगडाशी गेली, गुपचूप. गाऱ्हाणं घालायचं तर एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. हिच्याबरोबर कुणीच नव्हतं.

"बा देवा राखणदारा, माजो उजवो पाय निजलो हा, तो जागो कर, महाराजा," ती म्हणाली. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज जरा जाडा करून स्वतःच म्हणाली, "व्हय महाराजा."

पाय काही जागा झाला नाही. उलट तिची उजवी चप्पल हरवायला लागली. चालता चालता पायातून सुटायची आणि हिला घरी आल्यावर, तेही खाली बघितल्यावर, कळायचं. वाडीतली माणसं चप्पल आणून द्यायची आणि टोमणे मारायची. "काकी, एकाच पायाची चप्पल देवाक सोडलंस काय गो?" स्वप्ना त्या चपला उंबऱ्याशी लावून ठेवायची. डावीची टाच झिजलेली असायची, उजवीचं पुढचं टोक.

त्या सुमारास बाबलीला उसण भरली. बाबली म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांतला दांडगा गडी, मागे मागे चालत दोर ओढताना कमरेत लचकला. दोघांनी धरून आणला आणि ओल्या वाळूत पालथा घातला. पाणी नुकतंच सरायला लागलं होतं. तुळसाने पाय उचलला. पाय उचलताना तिला आधी हाताने लुगड्याचा काठ धरून पाऊल सावरावं लागलं, कारण पुढचा भाग लोंबत होता. टेकवला. पण टेकला की नाही? काहीच कळेना. पाठ उबदार आहे का, हलतेय का, पाठ आहे का तरी? तिने जरा भार दिला. अजून थोडा दिला. शेवटी सगळी तुळसाच त्या पायावर उभी राहिली.

बाबली असा ओरडला की खडकावरचे पाणकावळे उडाले.

"मेलंय गे! काकी, पाय ठेवलंस काय नांगर टाकलंस?"

तुळसाचा तोल गेला आणि ती त्याच्याच शेजारी वाळूत बसली. बाबली रीत मोडून वळून तिच्याकडे बघत होता. ती आपल्या पायाकडे बघत होती. पाऊल आडवं पडलं होतं, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखं.

घरी आल्यावर स्वप्नाने उंबऱ्यावरची चप्पल उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "आये, आता योगा म्हणू नको हां. उद्या कुडाळाक जावया."

"कुडाळाक कित्याक? उद्या बाजार नाय."

"हाडांची डॉक्टर आसा थंय."

"पायाळूचो पाय डॉक्टरणीच्या हातात दिवचो? वाडी हसतली."

"हसांदेत. बाबली आज रडलो, ता तुका चल्ला?"

कुडाळच्या डॉक्टरांचं नाव तेजस्वी, वयाने स्वप्नाएवढ्याच. तुळसाने दवाखान्यात शिरताना ठेवणीतली साडी नेसावी तशी ठेवणीतली मराठी काढली. "मला तसं काय झालेलं नाही, डॉक्टरीणबाई. सुनेला हौस."

"बरं. हौसेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवता? टाचांवर. चवडे वर उचलून."

डावा चवडा उचलला. उजवा फरशीला चिकटून राहिला. डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवलं, पाय सरळ ठेवून वर उचलला, आणि थंड झालेली ती तार मांडीतून एकदम लालबुंद झाली. तुळसाने दात आवळले, पण ठेवणीतली मराठी सुटली. "गो बाय माजे!"

मग विचारपूस. उठल्यावर जास्त दुखतं की दिवसाअखेर? खोकल्यावर कळ जाते? लघवी कळते ना, ताबा आहे ना? तुळसा सुनेसमोर लाजली, पण "आसा, आसा" म्हणाली. डॉक्टरांचा चेहरा जरा सैल झाला.

"आता डोळे मिटा. मी पायाला कापूस लावते. लागला की सांगा."

तुळसाने डोळे मिटले. पापण्यांमागे नारिंगी उजेड होता, दुपारच्या वाळूसारखा. पंख्याचा आवाज लांबच्या लाटेसारखा येत होता. ती वाट बघत राहिली. काहीच येईना. इतकी वर्षं लोक आपल्या पायाची वाट बघत पडून राहायचे, तशी ती स्वतःच्या पायाची वाट बघत पडली होती. शेवटी लाज राखायला म्हणाली, "हां. आता लागला."

स्वप्ना पुढे वाकून हळू म्हणाली. "आये, तेंच्या हातात कापूस नाय. तो टेबलावर आसा."

तुळसाने डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या पापण्यांतून पाणी कानाकडे गेलं.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी काळी-पांढरी फिल्म उजेडावर धरली. मणके एकावर एक, मध्ये गाद्या. खालची एक गादी फुटून मागे आली होती आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेवर बसली होती. "दुखतंय तोवर शीर ओरडत असते," डॉक्टर म्हणाल्या. "दुखणं थांबलं आणि पाय लोंबायला लागला, म्हणजे तिचा आवाज बसला. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. तुम्हाला लागेल, आणि लवकर. गादीचा तो फुटलेला तुकडा काढायचा. उशीर केला तर पाऊल कायमचं असंच राहील."

"आणि ऑपरेशन केलं तर पाय जागा होईल?"

"होण्याची शक्यता बरी आहे. वचन देत नाही."

तुळसाने फिल्मवरच्या त्या गादीवर बोट ठेवलं. मग तिने खरा प्रश्न विचारला. "पाठीला लोखंड लागलं तर पायाचा गुण राहतो काय? मी पायाळू आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत, त्याबद्दल तुळसाने त्यांना मनातल्या मनात पहिला मान दिला. "ते माझ्या पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते, रागावू नका. साधी उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जाते. पाय लावा, न लावा."

तुळसा रागावलीच. "आपोआप जाता, मगे तुमी तरी हंय कित्याक बसलात?"

"न जाणाऱ्यांसाठी," डॉक्टर म्हणाल्या.

परतीच्या एसटीत तुळसा खिडकीशी बसून होती. तिने ऑपरेशनला होही म्हटलं नव्हतं, नाहीही नाही.

बातमी वाडीत तिच्या आधी पोचली होती. सकाळी शेजारची राधाबाई पायरीवर येऊन बसली. राधाबाईला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं, फक्त तिचं कुणी विचारलेलं तिला चालायचं नाही. "आयकलंय ता खरा? लोखंड लागला काय पायाळूचो गुण गेलो म्हणान समज. माज्या मावशीच्या गावात असोच एक होतो. कापलो, आणि मगे तो नुसतो माणूस ऱ्हवलो."

नुसता माणूस. तुळसाच्या कानात ते दोन शब्द लाटेसारखे येत-जात राहिले. ऑपरेशन केलं तर पाय राहील आणि पायाळू जाईल. नाही केलं तर पायाळू राहील, मेलेल्या पायाची. तिने दिवस ढकलले. स्वप्ना रोज विचारायची, ती रोज मासळी उलटत बसायची.

एका दुपारी ती विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन येत होती. ऊन असं होतं की वाळू, पाणी, आभाळ सगळं एकाच पांढऱ्या धुरात विरघळलेलं. त्या पांढऱ्यात तिला वाळूवर लाल ठिपके दिसले. एक, मग दुसरा, मग ठसाच. कुणाच्या तरी पायाला जबर लागलंय. "कोणाचा गो बाय ह्या रगात?" ती स्वतःशीच म्हणाली. तिला त्या माणसाची फार कणव आली. एवढं लागलं आणि ओरडला कसा नाही? जाळ्यातून टाकून दिलेल्या वागळी माशाच्या शेपटीचा काटा रुतला असणार. त्याची कळ माणसाला लोळवते. ती मागावर निघाली. माग माडांतून गेला, तिच्या वाळवणाला वळसा घालून गेला, आणि तिच्याच दाराशी आला. उंबऱ्यावर लाल पाऊल होतं, बाहेर विहिरीकडे तोंड केलेलं. उजवं.

तिने कळशी खाली ठेवली आणि तळवा वर करून पाहिला. अंगठ्याखाली काटा अर्धा आत होता. काहीच दुखत नव्हतं. ज्याची तिला कणव आली होती तो माणूस ती स्वतः होती, आणि तिला त्याचा पत्ता रक्ताच्या मागाने लागला होता.

"स्वप्ना," तिने आत हाक मारली. आवाज शांत होता. "डॉक्टरणीक फोन लाव. सांग, येतंय म्हणान. गुण गेलो तर गेलो. माका माजो पाय होयो."

काट्याची जखम भरली आणि तुळसा दवाखान्यात गेली. ऑपरेशनच्या टेबलावर कुणीतरी तोंडावर नळीचा मुखवटा धरला आणि म्हणालं, मोठा श्वास घ्या. तिने घेतला, आणि पाणी सरायला लागलं. ती पालथी होती, ओल्या वाळूत, तोंड समुद्राकडे. कुणाचा तरी पाय तिच्या कमरेवर अलगद टेकला. जन्मात पहिल्यांदा. तिला वळून बघायचं होतं, पण रीत मोडायची नव्हती. पाणी खूप लांब गेलं, सगळा समुद्र गेला, आणि तळाची वाळू नुकत्याच सारवलेल्या खळ्यासारखी चमकत राहिली.

जागी झाली तेव्हा तार नव्हती. पाय मात्र तसाच मुका होता.

"शीर हळू वाढते," डॉक्टर म्हणाल्या. "घाई नको. आणि कमरेतून वाकणं बंद. उचलायचं ते गुडघे मोडून, पोटाशी धरून. वाळवण उंच करा."

बाबली आपल्या दुखऱ्या कमरेची आठवण देत देत आला आणि त्याने बांबूचा कमरेएवढा माच बांधून दिला. वाडीतल्या बायका आधी हसल्या. "तुळसाचे बांगडे पलंगार निजतत!" मग एकेक करून त्यांच्याही अंगणात माच उभे राहिले, आणि तिथे उभ्याने काम करताना त्या पहिल्यांदाच एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोलायला लागल्या.

तुळसा रोज पायरीवर बसून बोटं उचलायचा हुकूम सोडायची. बोटं ऐकायची नाहीत. पावसाळा तसाच गेला. ज्या सकाळी अंगठा जरासा हलला, त्या सकाळी तिने कुणाला सांगितलं नाही, हललेला अंगठा नजर लागून थांबेल म्हणून. पुढे चवडा उचलू लागला. तळव्याला आधी मुंग्या आल्या, मग गारवा आला.

पण कुणी येईना. सुकती लागायची, वाळू ओली चमकायची आणि रिकामी राहायची. लोखंडाची गोष्ट सगळीकडे पोचली होती. तुळसा माचापाशी उभी राहून बांगडे उलटायची आणि पाण्याकडे बघायचं टाळायची.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, भरतीच्या वेळी, राधाबाई आली. चालत नव्हती, कमरेत मोडून सरकत होती. एक हात कंबरेवर, दुसरा भिंतीवर, आणि डोळे जमिनीकडे.

"काय गो राधा, काय हरवला?" तुळसाने विचारलं.

"थट्टा करू नको. उसण भरली हा. हंडो उचललंय."

"माजो गुण गेलो ना? मी नुसता माणूस."

"मगे नुसत्या माणसाचो पाय लाव! मरतंय हंय!"

तुळसा तिच्यासमोर आली. "पायात मुंग्या येतत? चप्पल सुटता? लघवी कळता?"

"ह्या काय इचारतंस गो निर्लज्ज?"

"सांग पयला. येत असात तर माज्याकडे नको, सरळ कुडाळाक जावक होया."

"नाय येणत, नाय सुटणा, सगळा कळता. लाव."

"भरती आसा. सुकतीक ये."

"सुकतीपर्यंत मी जित्ती ऱ्हवन काय?"

पाण्याच्या काठावरच राधाबाई पालथी पडली. लाट येऊन तिचे केस भिजवून गेली आणि तिने समुद्राच्या सात पिढ्या उद्धरल्या. तुळसा एका पायावर उभी राहिली आणि उजवा अलगद टेकवला.

लागलं. आधी भिजलेलं लुगडं, गार. त्याखाली ऊब. मणक्यांची ओळ, कडेला वाळूचा एक खडा, आणि खाली, खूप आत, या भांडकुदळ बाईचा श्वास, घाबरलेला, लहान मुलीसारखा. तळव्याच्या एका कडेला अजून धुकं होतं, पण बाकी सगळं लागत होतं. इतक्या पाठींवर पाय ठेवला, पण पाठ अशी असते हे तिला माहीतच नव्हतं. डोळे आपोआप मिटले. लाटा येत होत्या, भरती चढत होती, पाणी घोट्यापर्यंत आलं आणि तेही लागलं.

"तुळसा, उठू काय गो?" खालून आवाज आला. "माका बरा वाटता."

"गप पड," तुळसा डोळे न उघडता म्हणाली. "माजा झाला नाय हा अजून."